स्वस्त शिक्षणाची किंमत कोण मोजतं?

(साताऱ्यातील एका व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मित्रहो,

संयोजकांनी मला विषय दिला आहे : श्रद्धा, शील आणि शिक्षणाचा खर्च. आपल्याकडे पहिल्या दोन शब्दांवर बोलायचं असलं की प्रवचनकाराला बोलावतात आणि तिसऱ्यावर बोलायचं असलं की मोर्चा काढतात. मूल्यशिक्षणाची चर्चा एका सभागृहात आणि फीवाढीची दुसऱ्या. माझं म्हणणं असं आहे की हा एकच प्रश्न आहे. शिक्षण कधीच फुकट नसतं. विद्यार्थ्याला ते फुकट मिळालं, तर त्याचे पैसे दुसऱ्या कुणीतरी भरलेले असतात. ते कुणी भरले आणि राजीखुशीनं भरले का, एवढंच पाहिलं तरी त्या संस्थेचं शील कळतं.

आपल्या भागातली जुनी रीत आधी पाहू. वेद, व्याकरण, न्यायशास्त्र शिकायला आलेला मुलगा गुरूला फी देत नसे. त्याच्या पोटाची सोय दोन तऱ्हांनी व्हायची. एक माधुकरी. सकाळचा पाठ झाला की झोळी घेऊन ठरलेल्या आळीत जायचं, दारात ‘ॐ भवति भिक्षां देहि’ म्हणून उभं राहायचं, मिळेल ते आणायचं. दुसरी तऱ्हा म्हणजे वार लावून जेवणं. सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या घरी, असे सात दिवस सात घरं. एखादा वार लागला नाही तर त्या दिवशी उपास. यात मानहानी नव्हती असं मी म्हणणार नाही. पान वाढणाऱ्या बाईचा चेहरा पाहून किती भात मागायचा हे ठरवावं लागे, असं त्या पिढीतल्या अनेकांनी लिहून ठेवलं आहे. तरीही पदरी पैसा नसलेली मुलं या व्यवस्थेतून शिकली. तिच्यामागे श्रद्धा उभी होती. अन्नदानानं पुण्य लागतं आणि विद्या विकायची नसते, असं लोक खरोखर मानत होते.

पण ही श्रद्धा जात पाहून दार उघडत होती. पेशव्यांच्या काळात पुण्याला श्रावणात दक्षिणा वाटली जायची, ती विद्वानांना, आणि विद्वान म्हणजे ब्राह्मण. इंग्रजांनी 1821 मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा काढली, तिच्यामागेही त्या दक्षिणेचाच पैसा होता. 1849 मध्ये पुण्यातल्या सुधारकांनी अर्ज केला की या निधीतला काही भाग मराठीत उपयुक्त पुस्तकं लिहिणाऱ्यांना द्यावा. लोकहितवादी त्यांच्यात होते. सनातन्यांनी त्यावर केवढं काहूर माजवलं! पुढे 1882 मध्ये जोतीराव फुल्यांनी सरकारच्या शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे या साऱ्याच्या मुळाशी हात घातला. सरकारचा महसूल येतो रयतेच्या घामातून आणि तो खर्च होतो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर, असं त्यांनी लेखी सांगितलं. म्हणजे ज्या शिक्षणाला आपण फुकट म्हणत होतो, त्याची फी शेतकरी भरत होता, आणि त्याच्या पोराला त्या इमारतीत पाऊल ठेवता येत नव्हतं. पाठशाळांच्या त्यागाची थोरवी गाताना ही बाजू गाळून चालणार नाही.

दुसरी वाट 1880 नंतर पुण्यात पडली. चिपळूणकर, टिळक, आगरकर यांनी न्यू इंग्लिश स्कूल काढलं. पुढे 1884 मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि पाठोपाठ फर्ग्युसन कॉलेज निघालं. शिक्षण स्वस्त ठेवायचं, तर पैसे कुठून आणायचे? त्यांचं उत्तर होतं, आमच्या पगारातून. आजीव सदस्यानं वीस वर्षं तुटपुंज्या वेतनावर शिकवायचं. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी महिना पंचाहत्तर रुपयांवर तो करार पाळला. सरकारी नोकरीत याच माणसांना किती मिळालं असतं, हे त्यांनाही ठाऊक होतं. आगरकरांचं आईला लिहिलेलं पत्र आपण सगळ्यांनी शाळेत वाचलं आहे. मुलगा शिकला, आता मोठ्या पगाराची नोकरी करील, ही आशा सोड, मी पोटापुरत्या पैशावर समाधान मानून बाकी आयुष्य लोकांसाठी घालवणार, असा त्याचा आशय.

आगरकरांपाशी मी मुद्दाम थांबतो. हा माणूस देव मानत नव्हता. परलोकाची, पुण्याची कसलीही अपेक्षा नसताना त्यानं हे व्रत घेतलं आणि दम्यानं खंगत असतानाही निभावलं. धोंडो केशव कर्व्यांचंही तेच. त्यांचा विश्वास कर्मकांडावर नव्हता, पण विधवांच्या आणि मुलींच्या शिक्षणाला आयुष्य देणारी माणसं हवीत म्हणून 1908 मध्ये त्यांनी जी संस्था काढली, तिला नाव दिलं ‘निष्काम कर्म मठ’. तेव्हा ‘श्रद्धा कमी झाली म्हणून शिक्षण महाग झालं’ असं कुणी सांगू लागलं, तर मला ते पटत नाही. देवावरची श्रद्धा असो वा माणसावरची, ती खिशापर्यंत पोचते की नाही, हा खरा प्रश्न आहे. आजीव सदस्यांनी बाहेर कमाई करावी की करू नये, यावरून याच मंडळींत कडाक्याची भांडणं झाली आणि 1890 मध्ये टिळक सोसायटीतून बाहेर पडले. मला त्या भांडणाचं मोल वाटतं. शिक्षणसंस्थेतली माणसं स्वतःच्या पगारावर मर्यादा घालण्यावरून एवढ्या गांभीर्यानं भांडत होती!

आता आपल्या जिल्ह्याकडे येतो. इथून तासाभरावर वाई आहे. तिथल्या प्राज्ञपाठशाळेत नारायणशास्त्री मराठे, म्हणजे पुढचे केवलानंद सरस्वती, शिकवत. 1917 च्या सुमारास विनोबा त्यांच्याकडे उपनिषदं आणि ब्रह्मसूत्रं शिकायला आले. गांधीजींना लिहिलेल्या पत्रात विनोबांनी वाईतल्या दिवसांचा हिशेब दिला आहे. त्यांनी विद्यार्थी मंडळ स्थापन केलं आणि वाचनालय काढलं. पुस्तकांना पैसे हवेत म्हणून पंधरा मुलं जात्यावर बसली. गिरणीत दळण न्यायचं त्यांनी ते या मुलांकडे द्यायचं, दोन शेरांना एक पैसा, आणि तो पैसा वाचनालयाला. पैसेवाल्यांची मुलंही दळायला आली. जुन्या वळणाच्या गावानं त्यांना मूर्ख ठरवलं. काम दोनेक महिनेच चाललं, पण चारशे पुस्तकं जमली.

सकाळी शांकरभाष्य आणि नंतर जात्याची खुंटी. माधुकरीचा मुलगा दुसऱ्याच्या दारात उभा होता. हा मुलगा आपल्या पुस्तकाचे पैसे आपल्या मनगटातून काढत होता, तेही एकट्यासाठी नाही, सगळ्यांच्या वाचनालयासाठी.

याच विचाराला कर्मवीर भाऊराव पाटलांनी संस्थेचं रूप दिलं. 4 ऑक्टोबर 1919 ला कराडजवळ काले गावी रयत शिक्षण संस्था सुरू झाली, 1924 मध्ये साताऱ्यात वसतिगृह निघालं, 1927 मध्ये गांधीजी तिथे येऊन गेले. महार, मांग, मराठा, मुसलमान, जैन, सगळी मुलं एका पंगतीत जेवायची. त्या काळी ही पंगत मांडणं शाळा काढण्याहून अवघड होतं. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात एकेका समाजाची वसतिगृहं उभी केली, कारण तेव्हा तेवढंच शक्य होतं. भाऊरावांनी त्या चुली एक केल्या. धान्य संपलं तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही दिलं. मंगळसूत्र म्हणजे त्या काळच्या बाईच्या श्रद्धेचा केवढा मोठा ठेवा, हे इथे बसलेल्या आयाबहिणींना सांगायला नको. ते गहाण पडलं आणि मुलांच्या ताटात भाकरी आली. 1930 मध्ये त्या गेल्या, पुढचा वटवृक्ष त्यांनी पाहिला नाही. रयत संस्थेच्या शाखांमध्ये कर्मवीरांच्या तसबिरीशेजारी त्यांची तसबीर असते, ती तिथे असलीच पाहिजे.

1947 मध्ये साताऱ्याला छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं, ‘कमवा आणि शिका’ या तत्त्वावर. मुलांनी शेतात राबायचं, बांधकामावर घमेली उचलायची आणि त्यातून आपलं शिक्षण करायचं. काम करणारा मुलगा त्यामुळे बिचारा ठरला नाही. त्याला आपल्या पदवीत आपला घाम दिसायचा.

आता कुणी म्हणेल, हे सगळं सरकारचं काम आहे, त्यागाच्या गोष्टी सांगून सरकारला मोकळं सोडू नका. मान्य आहे. भाऊरावांनीही अनुदान नाकारलं नव्हतं. गांधीहत्येनंतरच्या काळात सरकारनं रयत संस्थेचं अनुदान बंद केलं, तेव्हा गाडगेबाबांनी रदबदली केली आणि ते पुन्हा सुरू झालं. करातून आलेला पैसा हा रयतेचाच पैसा आहे, फुल्यांनी तेच सांगितलं होतं. 2024 मध्ये राज्य सरकारनं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या घरांतल्या आर्थिक दुर्बल, इतर मागास व सामाजिक-शैक्षणिक मागास प्रवर्गांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी पूर्ण माफ केली. मी त्याचं मनापासून स्वागत करतो. पण खोलीचं भाडं, मेस, एसटीचा पास, पुस्तकं हा खर्च उरतोच, आणि पुष्कळ मुलींचं शिक्षण तिथेच अडतं.

आजच्या व्यवस्थेत फी कोण भरतं ते पाहा. 1983 मध्ये विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांना परवानगी मिळाली. जागा वाढल्या, खेड्यातली मुलं इंजिनिअर झाली, हे खरंच आहे. पण भार बापावर आला. त्यानं कर्ज काढलं, कुणी बांधाकडेचा तुकडा विकला. आणि ज्या अनुदानित महाविद्यालयांना आपण स्वस्त म्हणतो, तिथला भार कुणावर आहे? तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकावर. नेट-सेट या पात्रता परीक्षा उत्तीर्ण झालेला, पीएच.डी. केलेला पस्तिशीचा माणूस. जेवढे तास घेईल तेवढ्याचंच मानधन. सुट्टीत काही नाही, पुढच्या सत्रात बोलावतील याची खात्री नाही. मानधन महिनोन्‌महिने थकतं. तो रविवारी दुसरं काही काम करतो आणि सोमवारी वर्गात आगरकरांचा त्याग शिकवतो.

मला सर्वांत जास्त अस्वस्थ करणारी गोष्ट ती हीच. आगरकरांची गरिबी त्यांनी निवडली होती. ह्याची गरिबी त्याच्यावर लादलेली आहे. दोन्हींमुळे फी कमी राहते, हिशेबाच्या वहीत दोन्ही सारख्याच दिसतात, पण एक शील आहे आणि दुसरी पिळवणूक. संस्थेच्या वर्धापनदिनी व्यासपीठावरून ‘गुरुजनांचा त्याग’ असा शब्द आला की मी नेहमी पाहतो, त्याग करणारा कुठे बसला आहे. तो मागच्या रांगेत असतो, हजेरीसाठी.

अभिजात विद्यांची गोष्ट तर याहून बिकट आहे. 3 ऑक्टोबर 2024 ला मराठीला, पाली आणि प्राकृतलाही अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आपण पेढे वाटले. पण पाली, अर्धमागधी, संस्कृत, तत्त्वज्ञान शिकू पाहणाऱ्या गरीब मुलानं वीस ते तीस या वयात खायचं काय? या विषयांना दहा वर्षं मुरावं लागतं. लक्ष्मणशास्त्री जोशी धुळे जिल्ह्यातल्या पिंपळनेरहून लहान वयात वाईला आले. पाठशाळेनं त्यांना तसं मुरू दिलं, म्हणून ते तर्कतीर्थ झाले, धर्मशास्त्राची वचनं एकत्र करणारा धर्मकोश उभा राहिला, पुढे मराठी विश्वकोश वाईतून निघाला. आणि 1933 मध्ये गांधीजींचे चिरंजीव देवदास आणि राजाजींची कन्या लक्ष्मी यांच्या आंतरजातीय विवाहाचं पौरोहित्यही त्यांनी केलं. शास्त्र खोलवर शिकलेला माणूस शास्त्राच्या आधारानं रूढी मोडू शकतो. वरवर शिकलेल्याला रूढीच शास्त्र वाटते. म्हणून ही विद्या गरिबाच्या, बहुजनाच्या मुलामुलींपर्यंत गेली पाहिजे. ती फक्त ऐपतवाल्यांचा छंद उरली, तर 1849 च्या आधीची पाठशाळा आपण नव्यानं बांधू.

इथे बसलेल्यांपैकी कितीतरी जण कुठल्या ना कुठल्या शिक्षणसंस्थेचे आजीव सभासद आहेत, देणगीदार आहेत, माजी विद्यार्थी आहेत. संस्थांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा होतात, अहवाल वाचला जातो, हात वर होतात, चहा होतो. या वर्षी तिथे उभं राहून दोन गोष्टी विचारा. आपल्या महाविद्यालयात तासिकेवर किती जण शिकवतात आणि त्यांना शेवटचं मानधन कोणत्या महिन्याचं मिळालं? आणि वसतिगृहाच्या मेसचे पैसे भरता आले नाहीत म्हणून गेल्या वर्षी किती मुलं-मुली घरी परत गेली? उत्तर तोंडी घेऊ नका, इतिवृत्तात लिहायला लावा.