रक्तातल्या यंत्राला बोलता यायला हवं

श्रोतेहो, नमस्कार.

दंडावर साखर मोजणारा पॅच लावलेलं कुणी ना कुणी आता प्रत्येकाच्या ओळखीत असतं. कातडीखाली बारीकशी तार, वर छोटी चकती आणि साखरेचा आकडा थेट मोबाइलवर. आज ज्या यंत्रांबद्दल बोलायचंय, ती त्या तारेहूनही कितीतरी लहान. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. आपला एक केस साधारण ८० हजार ते १ लाख नॅनोमीटर जाड असतो. इतकी बारीक यंत्रं रक्तात सोडायची, त्यांनी आजार हेरायचा आणि एकमेकांमार्फत बाहेर निरोप धाडायचा, अशी ही कल्पना. एक गोष्ट आत्ताच सांगतो, पुढेही सांगेन: यंत्र लहान करणं हे अर्धंच काम. त्याला बोलता यायला हवं.

आता मला फार आवडणारा किस्सा ऐका. २९ डिसेंबर १९५९. कॅलिफोर्नियातल्या कॅलटेक या विज्ञान-तंत्रज्ञान संस्थेत रिचर्ड फाइनमन हे भौतिकशास्त्रज्ञ व्याख्यान देत होते. वस्तू किती लहान करता येतील, हा विषय. आल्बर्ट हिब्ज या मित्राची कल्पना त्यांनी तिथे सांगितली: सर्जनच गिळून टाकायचा! इवलासा यांत्रिक सर्जन रक्तवाहिनीतून हृदयात जाईल, कुठली झडप बिघडलीय ते पाहील आणि चिमुकल्या सुरीने तिथेच दुरुस्ती करील.

शेवटी फाइनमननी दोन बक्षिसं लावली. त्यातलं एक मोटरीचं. १ हजार डॉलर. अट अशी, की विजेची मोटर बनवायची आणि ती प्रत्येक बाजूने इंचाच्या चौसष्टाव्या भागात मावली पाहिजे. म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी. त्यासाठी कुणीतरी एखादं नवंच तंत्र शोधून काढील, अशी त्यांची अपेक्षा.

लोक मोटरी घेऊन येऊ लागले, पण सगळ्या मोठ्या. मग १९६० च्या नोव्हेंबरात विल्यम मॅकलेलन नावाचे इंजिनिअर आले, हातात भलीमोठी लाकडी पेटी. फाइनमनना वाटलं, आणखी एक! पेटी उघडली, तर आत मायक्रोस्कोप. तोवर कुणीच मायक्रोस्कोप आणला नव्हता. त्याखाली मोटर फिरत होती. १३ सुटे भाग, वजन २५० मायक्रोग्रॅम, मिनिटाला २ हजार फेरे. आणि नवं तंत्र? काही नाही. घड्याळजींचं लेथ, मायक्रोस्कोप आणि टोक काढलेली दात कोरायची काडी! जेवणाच्या सुट्टीत बसून केलेलं काम.

फाइनमननी बक्षिसाचे पैसे बाजूला काढून ठेवलेच नव्हते. पण शब्द पाळला, चेक पाठवला. सोबतच्या पत्रात लिहिलं, की दुसऱ्या बक्षिसाच्या मागे आता लागू नका, मधल्या काळात माझं लग्न झालंय आणि मी घरही घेतलंय.

या किश्श्यावरून आठवलं. घरातलं बंद पडलेलं घड्याळ भंगारात देऊ नका, मुलांना खोलू द्या. नाही जुळलं परत, तर नाही जुळलं. हाताला बारीक कामाची सवय शाळेच्या पुस्तकातून लागत नाही, हे माझं पक्कं मत आहे.

तर, ती मोटर फिरली खरी, पण वीज बाहेरून, तारांमधून मिळत होती. बक्षिसाच्या अटीत तारा मोजायच्या नव्हत्याच. रक्तात तारा कशा ओढणार? पुन्हा सांगतो, लहान असणं पुरेसं नाही, बोलता यायला हवं.

२०१० मध्ये इयान अक्यिल्डिझ आणि जोसेप जॉर्नेट या संशोधकांनी अशा यंत्रांच्या जाळ्याचा आराखडा मांडला. ग्राफीनचा, म्हणजे अणूएवढ्या जाडीच्या कार्बनच्या पापुद्र्याचा अँटेना आणि टेराहर्ट्झ लहरी, म्हणजे मोबाइलच्या लहरींहून कितीतरी वेगाने थरथरणाऱ्या लहरी. अडचण पाण्याची. शरीरात पाणीच पाणी आणि पाणी या लहरी शोषून घेतं, त्यामुळे आवाज फार लांब पोचत नाही. म्हणून विहिरीपासून घागरी हातोहात पुढे देतात, तसा निरोप एका यंत्राने दुसऱ्याला द्यायचा, शेवटी कातडीवरच्या मोठ्या यंत्राला, तिथून मोबाइलला. काही संशोधक लहरीच नकोत म्हणतात. आपल्या पेशी बहुतेक रसायनांनीच बोलतात, तशीच यंत्रंही बोलू देत.

हे पूर्ण जाळं अजून प्रयोगशाळेत आणि संगणकावरच आहे. पण त्याचा सांगाडा उभा राहिलाय. २०१७ मध्ये अमेरिकेने मानसिक आजारावरच्या एका गोळीला परवानगी दिली. तिच्यात वाळूच्या कणाएवढा सेन्सर असतो. पोटातल्या रसाने तो जागा होतो, अंगावरच्या पॅचला कळवतो आणि पॅच मोबाइलला. गोळी घेतली की नाही, हे त्यातून कळतं.

आकडा मोबाइलवर आला, तरी डॉक्टरांनी पेशंटचा हात हातात घेऊन नाडी बघावीच. हेही माझंच मत.

आणि बोलणारं यंत्र म्हटलं, की कुणीतरी ऐकणारही. अमेरिकेचे माजी उपराष्ट्राध्यक्ष डिक चेनी यांच्या छातीत हृदयाचे ठोके सांभाळणारं यंत्र होतं. कुणी दुरून त्यात ढवळाढवळ करील, या भीतीने २००७ मध्ये डॉक्टरांनी त्याची वायरलेस सोय बंदच ठेवली. ते यंत्र हाताने बसवता येण्याजोगं, एकुलतं एक. रक्तात हजारो सोडल्यावर एकेकाला कुलूप लावणं जमणार नाही. कुलूप लागायला हवं ते कातडीवरच्या यंत्राला आणि मोबाइलला, आणि ते आधी, यंत्रं आत सोडण्यापूर्वी. तुमच्या दंडावर आज पॅच असेल, तर त्याच्या ॲपमध्ये ‘शेअरिंग’ कुणाकुणाला चालू आहे, ते आज रात्रीच उघडून पाहा.

नमस्कार.