तिकिटं वाटणारा हिरो

डब्लिनचा एक प्रसंग आधी सांगतो, कारण मला ही डॉक्युमेंट्री आवडली ती त्या प्रसंगासाठीच. शो तोंडावर आलाय आणि तिकिटं खपलेली नाहीयेत. मग बँडचा रोड मॅनेजर काय करतो, तर सरळ रस्त्यावर उतरतो आणि येणाऱ्याजाणाऱ्यांना थांबवून तिकिटं देऊ लागतो, या हो, चांगला बँड आहे. आता हा मॅनेजर म्हणजे कीफर सदरलँड. ‘ट्वेंटीफोर’ या अमेरिकन सिरीयलमधला जॅक बॉवर, त्या काळात टीव्हीवरच्या सगळ्यात ओळखीच्या चेहऱ्यांपैकी एक!

डॉक्युमेंट्रीचं नाव ‘आय ट्रस्ट यू टू किल मी’, २००६ ची, दिग्दर्शक मनू बॉयर. बँडचं नाव रॉको डेलुका अँड द बर्डन, आणि त्यांच्या पहिल्या अल्बमचं नाव डॉक्युमेंट्रीचंच. कीफरने ज्यूड कोल या गायक-गीतकार मित्राबरोबर आयर्नवर्क्स नावाचं छोटं रेकॉर्ड लेबल, म्हणजे अल्बम काढणारी कंपनी, सुरू केलं होतं आणि हा बँड त्या लेबलवरचा. सिरीयलच्या शूटिंगला सुट्टी मिळाली की एखादा नट आराम करेल, कुठेतरी फिरायला जाईल, हा गेला बँडला घेऊन युरोपात, लंडन, डब्लिन, रेक्याविक, बर्लिन, तेही ऐन हिवाळ्यात.

एक गोष्ट लक्षात घ्या, टूर झाली तेव्हा अल्बम अजून बाजारात यायचा होता. म्हणजे परक्या शहरात, ज्यांचं एकही गाणं कोणी ऐकलेलं नाही अशा चौघांसाठी हॉल भरायचाय. डब्लिनला तिकिटं का खपली नाहीत त्याचं उत्तर यातच आलं. यात बँडचा दोष काहीच नव्हता, नाव माहीतच नसेल तर पदरचे पैसे घालून कोण येणार?

रोड मॅनेजर म्हणजे काय हे पण सांगायला हवं, कारण लोकांना वाटतं मॅनेजर म्हणजे करार करणारा साहेब. तसा मॅनेजर बघायचा असेल तर डी. ए. पेनेबेकरची १९६७ ची ‘डोन्ट लुक बॅक’ बघा, बॉब डिलनच्या १९६५ च्या इंग्लंड टूरवरची. त्यात डिलनचा मॅनेजर अल्बर्ट ग्रॉसमन एका खोलीत बसून टीव्हीवाल्यांशी मानधनाची घासाघीस करतो, तो सीन मी कितीतरी वेळा बघितलाय. रोड मॅनेजरचं काम याच्या अगदी उलट. सगळ्यांना वेळेत उठवायचं, सामान मोजायचं, साउंडचेक, म्हणजे शोआधीची आवाजाची चाचणी, किती वाजता ते बघायचं, हॉटेलच्या खोल्या, रात्री शो संपल्यावर हॉलवाल्याशी हिशोब, आणि उद्या परत तेच. नाव कुठेच नाही आणि चुकलं तर मात्र सगळे तुझ्याकडे बघणार, असं काम. कीफरने ते स्वतःहून अंगावर घेतलं याचं मला खरंच कौतुक वाटतं.

आता रॉकोबद्दल, कारण सगळे कीफरबद्दलच बोलतात आणि तो मागे राहतो. बँडचा गायक रॉको डोब्रो वाजवतो, ही एक वेगळ्या प्रकारची गिटार. गिटारच्या पोटात धातूचा पातळ शंकू बसवलेला असतो, तारेचं कंपन ब्रिजमधून, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीतून, त्या शंकूत जातं आणि तो स्पीकरसारखा थरथरतो, त्यामुळे आवाज मोठा येतो आणि त्याला एक खणखणीत धार असते. अँप्लिफायर घरोघरी नव्हते तेव्हा बँडच्या गोंगाटात गिटार ऐकू जावी म्हणून हे काढलं, डोप्येरा ब्रदर्सनी, १९२८ च्या सुमारास, त्यांच्या आडनावावरूनच डोब्रो, आणि त्यांच्या स्लोवाक भाषेत ‘डोब्रो’ म्हणजे चांगलं. कंट्री आणि ब्लूग्रास या अमेरिकन लोकसंगीताच्या प्रकारांमधे हे वाद्य बऱ्याचदा मांडीवर आडवं ठेवून वाजवतात, पण रॉको ते रॉक बँडच्या पुढे उभं राहून, स्लाइड, म्हणजे तारांवरून सरकवायची नळी, लावून वाजवतो आणि त्याच्यावर त्याचा तो उंच, फाटायला आलेला गाण्याचा आवाज. डोळे मिटून ऐका. जॅक बॉवर वगैरे काही आठवत नाही मग.

आणि इथेच माझी फिल्मबद्दलची तक्रार आहे. गाणं सुरू होतं, आपण जरा आत शिरतो आणि तेवढ्यात कट, परत कीफर. लंडनच्या हॉटेलच्या लॉबीत तो दारूच्या नशेत ख्रिसमस ट्रीवर झेप घेतो ती क्लिप इंटरनेटवर सगळीकडे फिरली, ज्यांनी फिल्म बघितली नाही त्यांनीही ती बघितलीय, पण बँडचं एक गाणं सांगा म्हटलं तर गप्प. मला त्या क्लिपवर हसू येत नाही. माणूस थकलेला दिसतो, एकटा दिसतो, आणि फिल्ममधे इतर ठिकाणीही तो स्वतःबद्दल बोलतो तेव्हा हेच जाणवतं. दिग्दर्शकाने ते लपवलं नाही हे चांगलंच केलं, पण ज्या बँडसाठी हा माणूस रस्त्यावर उभा राहिला त्या बँडला एक अख्खं गाणं तरी सलग द्यायचं होतं ना!

मला वाटतं कीफरलाही हे कळत होतं. त्याच्या चेहऱ्यामुळे लोक दारापर्यंत यायचे, फोटो मागायचे, पण आत येऊन कान द्यायचे की नाही ते त्याच्या हातात नव्हतं. ते काम स्टेजवर त्या चौघांनाच करायचं होतं. म्हणून शो चालू असताना स्टेजच्या कडेला उभ्या कीफरकडे बघा, लोकांना आवडतंय का ते शोधणारी नजर. अभिनय नाहीये तो.

पुढे रॉकोने २००९ चा ‘मर्सी’ हा अल्बम डॅनियल लान्वा या निर्मात्याबरोबर केला, जरूर ऐका. आणि २०१६ मधे कीफरनेच स्वतःचा अल्बम काढला, ‘डाउन इन अ होल’, निर्माता परत ज्यूड कोलच, आणि मग तो स्वतः गिटार घेऊन लहान लहान हॉलमधे गायला निघाला. चला, आता लाइट घालवूया आणि डब्लिनचा तो भाग बघूया, त्याच्या हातातल्या तिकिटांकडे लक्ष ठेवा.