टॉर्चच्या उजेडातली मालिका

श्रोतेहो, नमस्कार. आज बोलायचंय दुरुस्तीबद्दल. पण आधी आमच्या टीव्हीची गोष्ट.

गेल्या पावसाळ्यात आमचा एलईडी टीव्ही ऐन मालिकेच्या वेळी काळा पडला. आवाज येतोय, चित्र नाही. आई म्हणाली, "राहू दे, सासूचं बोलणं ऐकू येतंय तेवढं पुरे!" सर्व्हिस सेंटरचा मुलगा आला. दोन मिनिटं बघून म्हणाला, "पॅनल गेलंय. 18 हजार. त्यापेक्षा नवाच घ्या." 'नवाच घ्या' म्हणणाऱ्याला व्हिजिट चार्ज देऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. मी दिला, ते सोडा.

मग बुधवार पेठेत, तपकीर गल्लीत विचारत विचारत एका कारागिराला गाठलं. काका संध्याकाळी घरी आले. खोलीतले दिवे घालवायला लावले, टीव्ही सुरू केला आणि मोबाइलचा टॉर्च पडद्याला अगदी टेकवून धरला. श्रोतेहो, त्या उजेडाच्या ठिपक्यात सासू दिसली! अंधुक, पण हलती-बोलती. टॉर्च सरकवला, सून दिसली. आणखी सरकवला, देवघर. (या मालिकांतलं देवघर आमच्या हॉलपेक्षा मोठं का असतं, देव जाणे.) आई ओरडली, "अगं बाई, आहे की सगळं!"

पॅनल ठणठणीत होतं. गेला होता मागचा उजेड. पडद्यामागे एलईडीच्या पट्ट्या असतात, दिवाळीच्या माळेसारख्या. एक दिवा उडाला की माळ बंद. दीड हजारात पट्ट्या बदलल्या. निघताना काका म्हणाले, "ताई, बॅकलाइट 100 वर ठेवू नका, दिवे तापून लवकर जातात."

तर मुद्दा असा, की वस्तू उघडता आली पाहिजे आणि पार्ट मिळाला पाहिजे. पुन्हा सांगते, उघडता आली पाहिजे, पार्ट मिळाला पाहिजे. पूर्वी फोनचं झाकण नखानं निघायचं. आता बॅटरी आत चिकटवलेली. नेदरलँड्सच्या फेअरफोन 5 चं झाकण मात्र अजून नखानंच निघतं. युरोपीय संघात 20 जून 2025 पासून नियमच आहे: मॉडेलची विक्री थांबल्यावरही 7 वर्षं फोनचे मुख्य सुटे भाग पुरवायचे. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागानं डिसेंबर 2022 मध्ये 'राइट टू रिपेअर' म्हणजे दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल काढलं, पण कंपन्यांवर सक्ती नाही. म्हणून दुकानातच विचारा: पार्ट मिळेल का?

परवा मिक्सर बंद पडला, तर आई आधी टॉर्च घेऊन आली. कपलर झिजला होता. कोपऱ्यावरच्या दुकानात मिळाला.