व्ही टू की व्ही थ्री? मराठीत ‘लिहिलं’ एकच, इंग्रजीत मात्र दोन

नमस्कार मंडळी. आज फळ्यावर मी एकच शब्द लिहिलाय, आणि तोही मराठी. ‘लिहिलं’. इंग्रजीच्या तासाला मराठी शब्द का, ते आत्ता कळेल. आधी या शब्दाची चार वाक्यं करू. माझ्याबरोबर मोठ्याने म्हणा.

मी पत्र लिहिलं.
मी पत्र लिहिलं आहे.
मी पत्र लिहिलं होतं.
पत्र मराठीत लिहिलं गेलं.

चारही वाक्यांत ‘लिहिलं’ आहे तसंच आहे, एक मात्राही बदलली नाही. आता हीच चार वाक्यं इंग्रजीत बघा.

आय रोट अ लेटर.
आय हॅव रिटन अ लेटर.
आय हॅड रिटन अ लेटर.
द लेटर वॉज रिटन इन मराठी.

पहिल्या वाक्यात ‘रोट’, पुढच्या तिन्हीत ‘रिटन’. मराठीत जे काम एक रूप करतं, त्यासाठी इंग्रजीत दोन रूपं आहेत. आपल्या चुकांपैकी बहुतेक चुका इथेच होतात.

माझ्या संध्याकाळच्या बॅचला एक काका यायचे. कारखान्यात स्टोअर सांभाळायचे, पन्नाशी उलटलेली. साहेबांना रोज मेल करावा लागायचा. एक दिवस त्यांनी मोबाइल माझ्यापुढे धरला. मेलमध्ये लिहिलं होतं, ‘मटेरियल हॅज केम. बिल वॉज सेन्ड.’ मी म्हटलं, काका, ‘कम’ची तिन्ही रूपं सांगा. त्यांनी एका दमात सांगितलं, ‘कम, केम, कम’. ‘सेन्ड’? ‘सेन्ड, सेन्ट, सेन्ट’. एकही अडखळ नाही! पाचवीपासून तक्ता पाठ होता. मग मेलमध्ये चूक कशी झाली?

झालं असं, की काकांच्या डोक्यात ‘मटेरियल आलं आहे’ हे वाक्य होतं. ‘आहे’ला ‘हॅज’, ‘आलं’ला ‘केम’. जोडलं आणि झालं ‘हॅज केम’. मराठीच्या हिशेबाने त्यांचं काहीच चुकलेलं नव्हतं. त्यांना रूपं येत होती, रूपांच्या जागा कुणी सांगितल्या नव्हत्या. आपण शाळेत तक्ता पाठ करतो तो आडवा, गाण्यासारखा. तिसरा रकाना कशासाठी आहे हे विचारायची वेळच येत नाही.

तर ती जागा आज पक्की करू.

दुसरं रूप, म्हणजे व्ही टू, हे पूर्ण क्रियापद आहे. ते एकटं उभं राहतं. ‘शी वेंट.’ ‘दे एट.’ ‘आय सॉ.’ बाजूला कुणी लागत नाही. तिसरं रूप, म्हणजे व्ही थ्री, ज्याला व्याकरणात भूतकाळवाचक धातुसाधित म्हणतात, त्याला क्रियापद म्हणून उभं राहायला हात धरणारं कुणीतरी लागतं. हॅव, हॅज, हॅड, नाहीतर इज, वॉज, वेअर, बीन. ‘शी हॅज गॉन.’ ‘द डोअर वॉज ब्रोकन.’ म्हणून ‘आय सीन हिम’ चुकीचं, कारण ‘सीन’ एकटं पडलंय. आणि ‘आय हॅव सॉ हिम’ही चुकीचं, कारण ‘सॉ’ला आधार चालत नाही.

मग ‘प्ले’, ‘वॉक’, ‘वॉश’ या क्रियापदांत हा घोळ का होत नाही? कारण तिथे दोन्ही रूपं सारखीच आहेत. ‘आय वॉश्ड’, ‘आय हॅव वॉश्ड’. फरक आहेच, पण दिसत नाही. अशा शेकडो क्रियापदांवर आपला हात बसतो, आणि ‘ड्रिंक, ड्रँक, ड्रंक’ समोर आलं की घसरतो.

तिसऱ्या रूपाचं अजून एक काम आहे, आणि तिथे मराठी आपल्याला थेट मदत करते. ‘-लेला, -लेली, -लेलं’. तुटलेली खिडकी, ‘ब्रोकन विंडो’. उकडलेलं अंडं, ‘बॉइल्ड एग’. चोरलेला फोन, ‘स्टोलन फोन’. नामाच्या आधी ‘-लेला’ आला, की इंग्रजीत बहुतेक वेळा तिसरं रूप घ्या. ‘ब्रोक विंडो’ म्हणायला जीभच वळणार नाही. इथे आपल्याला आधाराची गरज नाही, कारण हे क्रियापद राहिलेलं नाही, विशेषण झालंय.

‘आय ॲम बोरिंग’ हे वाक्यही इथेच येतं. मुलं सर्रास म्हणतात. त्याचा अर्थ होतो ‘मी कंटाळवाणा माणूस आहे’. तुम्ही कंटाळलेले असाल तर ‘आय ॲम बोअर्ड’. कंटाळलेले, ‘-लेले’, म्हणून तिसरं रूप. दमलेली, ‘टायर्ड’. गोंधळलेला, ‘कन्फ्यूज्ड’.

आता ‘आहे’ आणि ‘होतं’. मला वाटतं, मराठी माणसाच्या इंग्रजीत सगळ्यात खोल रुतलेली चूक हीच, म्हणून इथे जरा थांबू.

‘मी काल अर्ज दिला आहे.’ मराठीत हे वाक्य स्वच्छ आहे. कुठल्याही ऑफिसच्या खिडकीवर रोज कानावर पडतं. त्याचं शब्दाला शब्द केलं तर होतं, ‘आय हॅव गिव्हन द ॲप्लिकेशन येस्टरडे’. इथे रूप अगदी बरोबर आहे, ‘हॅव’बरोबर ‘गिव्हन’. तरी वाक्य चुकलं. कारण ‘हॅव’ हा वर्तमानकाळ आहे. ‘हॅव गिव्हन’ म्हणजे आज, या घडीला, माझ्या खाती दिल्याची नोंद आहे. त्या वाक्यात ‘काल’ला शिरकाव नाही. येस्टरडे, लास्ट वीक, इन 2019, अशी संपून गेलेली वेळ सांगितली की सरळ दुसरं रूप. ‘आय गेव्ह द ॲप्लिकेशन येस्टरडे.’ वेळ सांगायची नसेल तर ‘आय हॅव गिव्हन द ॲप्लिकेशन’.

‘होतं’चं दुखणं वेगळं. ‘मी तुम्हाला परवा फोन केला होता.’ आपण असं बोलतोच, आणि त्यात काही वावगं नाही. पण ‘होता’ म्हणून ‘हॅड’ लावून ‘आय हॅड कॉल्ड यू’ म्हटलं, की समोरचा पुढच्या वाक्याची वाट बघतो. केव्हाच्या आधी कॉल केला होता? कारण इंग्रजीत ‘हॅड’ला दोन घटना लागतात आणि ‘हॅड’ त्यातल्या आधीच्या घटनेला लागतो. ‘आम्ही स्टेशनवर पोचलो तेव्हा गाडी सुटली होती.’ पोचणं एक, सुटणं दुसरं, आणि सुटणं आधीचं. ‘व्हेन वी रीच्ड द स्टेशन, द ट्रेन हॅड लेफ्ट.’ फोनची घटना एकटीच आहे, म्हणून ‘आय कॉल्ड यू’. बस्स.

याच ओघात एक गोष्ट, जी मला फार आवडते. तो पुण्याला गेलाय. तो पुण्याला जाऊन आलाय. फरक कळतो ना? पहिला अजून पुण्यात आहे, दुसरा घरी परतलाय. इंग्रजीतही हे दोन्ही आहेत. ‘ही हॅज गॉन टू पुणे’, गेलाय. ‘ही हॅज बीन टू पुणे’, जाऊन आलाय. ‘बीन’ इथे ‘बी’चं तिसरं रूप, पण काम करतं जाऊन येण्याचं. इंटरव्ह्यूत ‘हॅव यू गॉन टू मुंबई?’ असं कुणी विचारत नाही, कारण तुम्ही तर समोर बसलेले असता. विचारतात ‘हॅव यू बीन टू मुंबई?’

(फळा पुसून)

आता ‘डिड’. ‘तू गेलास का?’ ‘डिड यू वेंट?’ नाही. भूतकाळ एका वाक्यात एकदाच दाखवायचा. ‘डू’चा ‘डिड’ झाला तिथेच तो दाखवून झाला, मग पुढचं क्रियापद मूळ रूपात. ‘डिड यू गो?’ ‘आय डिडन्ट गो.’ यापेक्षा जास्त इथे काही नाही.

बरं, ही अनियमित क्रियापदं आलीच कुठून? मुलं चिडून विचारतात, सगळ्यांना ‘ईडी’ का नाही लावत? मी त्यांना उलट विचारते, मराठीत सगळ्यांना ‘-ला’ का नाही लावत? बस, बसला. पळ, पळाला. मग कर, ‘करला’ का नाही? ‘केला’ का? ये, ‘येला’ नाही, ‘आला’. मर, ‘मरला’ नाही, ‘मेला’. घे, घेतला. सांग, सांगितला. घरातलं लहान मूल ‘मी करलं’ म्हणतं तेव्हा त्याचं ऐका. ते चुकत नसतं, नियम लावत असतं. इंग्रज मूलही असंच ‘गो’ला ‘ईडी’ लावून बघतं.

‘गो’ आणि ‘वेंट’ यांत तर एकही अक्षर सारखं नाही. कारण ‘वेंट’ मुळात ‘गो’चं नाहीच. ‘वेंड’ नावाचं दुसरं क्रियापद होतं, त्याचाही अर्थ जाणं, त्याचं भूतकाळाचं रूप ‘वेंट’. ते ‘गो’ने घेतलं. आणि मराठीत? ‘जा’ आला संस्कृतातल्या ‘या’ धातूकडून, आणि ‘गेला’ आला ‘गम्’ धातूच्या ‘गत’पासून. म्हणजे जाणं-गेला हीसुद्धा दोन घरची माणसं एका ताटात जेवणारी. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा ‘गो, वेंट, गॉन’ मला एकदम ओळखीचं वाटायला लागलं.

2007 साली ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात यावर एक अभ्यास छापून आला. संशोधकांनी जुन्या इंग्रजीतली 177 अनियमित क्रियापदं घेतली. त्यांतली 145 मधल्या काळातल्या इंग्रजीत अनियमित राहिली होती, आज 98 आहेत. बाकीच्यांना हळूहळू ‘ईडी’ लागला. ‘हेल्प’चंच बघा. त्याचं तिसरं रूप एकेकाळी ‘होल्पन’ होतं, 1611 सालच्या इंग्रजी बायबलमध्ये ते सापडतं. आज ‘हेल्प्ड’. आणि या अभ्यासातून दिसलं, की जे क्रियापद लोकांच्या तोंडी जास्त, ते जास्त काळ अनियमित राहतं. रोज वापरलं जातं म्हणून जुनं रूप विसरलं जात नाही. बी, हॅव, डू, गो, से, कम, सी, टेक. सगळी रोजची, सगळी अनियमित. म्हणून तुम्ही पाठ करताय ती क्रियापदं कामाचीच आहेत, एकही वाया जाणार नाही.

पाठ करताना मात्र घराणी धरून करा. सिंग, सँग, संग. रिंग, रँग, रंग. स्विम, स्वॅम, स्वम. बिगिन, बिगॅन, बिगन. इ, ॲ, अ. सूर लागला की पुढचं आपोआप येतं. राइट, रोट, रिटन बरोबर ड्राइव्ह, ड्रोव्ह, ड्रिव्हन. ब्रिंग, थिंक, बाय यांची दोन्ही रूपं ‘ऑट’ अशीच संपतात, ब्रॉट, थॉट, बॉट. कट, पुट, हर्ट अजिबात हलत नाहीत. ‘रीड’ फसवतं. स्पेलिंग तिन्हीकडे तेच, पण दुसऱ्या-तिसऱ्या रूपाचा उच्चार ‘रेड’.

उच्चारावरून आठवलं. ‘वॉकेड’, ‘वॉशेड’ असं वाचायची सवय अनेकांना शाळेपासून असते. ‘ईडी’चे उच्चार तीन आहेत आणि कुठला कधी, हे आपल्या वर्णमालेतच आहे. घशावर बोट ठेवा आणि ‘वॉक’ म्हणा. शेवटच्या ‘क’ला घसा थरथरत नाही. कठोर व्यंजन. क, प, च, स, श, फ असा शेवट असेल तर ‘ईडी’ही कठोर होतो, ‘ट’. वॉक्ट, वॉश्ट, लाफ्ट. आता ‘ओपन’ म्हणा, किंवा ‘प्ले’. घसा थरथरतो. तिथे ‘ड’. ओपन्ड, प्लेड. आणि शेवटी ‘ट’ किंवा ‘ड’ आधीच असेल, तेव्हाच ‘इड’. वॉन्टिड, नीडिड. कठोर-मृदू व्यंजनं आपण संधी शिकताना घोकली होती, ती इथे उपयोगी पडतात.

आता पेन घ्या. तीन वाक्यं देते, इंग्रजीत करा. व्हिडिओ थांबवा हवं तर.

आई बाजारात गेलीय.
आई बाजारात जाऊन आलीय.
आई काल बाजारात गेली होती.

(थोडं थांबून)

पहिलं, ‘मदर हॅज गॉन टू द मार्केट’. ती अजून घरी आलेली नाही. दुसरं, ‘मदर हॅज बीन टू द मार्केट’. पिशवी ओट्यावर आहे. तिसऱ्यात ‘होती’ दिसली म्हणून तुम्ही ‘हॅड गॉन’ लिहिलं असेल, तर खोडा. काल एवढी एकच गोष्ट घडली. ‘मदर वेंट टू द मार्केट येस्टरडे.’