धाप लागते तेव्हा

श्रोतेहो, नमस्कार.

जिना धावत चढलात की पायांना लागणारी ऊर्जा त्याच क्षणी कितीतरी पटींनी वाढते. प्राणवायूचा वापर मात्र मागून, सावकाश चढतो. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला साधारण पाव लिटर प्राणवायू वापरतो. बेताच्या वेगाने पळू लागल्यावर हा आकडा वर जाऊन स्थिरावायला दोन-तीन मिनिटं लागतात. तोवर स्नायू क्रिएटिन फॉस्फेट या झटपट ऊर्जा देणाऱ्या रसायनाचा साठा आणि प्राणवायूविना होणारं साखरेचं विघटन यांवर निभावून नेतात. ही उधारी व्यायामानंतर जास्तीचा प्राणवायू घेऊन फेडली जाते असं मानून ब्रिटिश शास्त्रज्ञ आर्चिबाल्ड हिल यांनी १९२० च्या दशकात तिला प्राणवायूचं कर्ज म्हटलं. प्रयोगात ते स्वतःच पळायचे, श्वास गोळा करायची पिशवी पाठीवर बांधून! कर्जाचा त्यांचा सगळा हिशेब पुढे टिकला नाही, पण व्यायाम थांबल्यावरही बराच वेळ श्वास जोरात का चालतो, हा प्रश्न त्यांनी नीट मांडला.

खरी गंमत वेग वाढवल्यावर आहे. एका मर्यादेपलीकडे प्राणवायूचा वापर स्थिरावतच नाही. वेग तोच, रस्ता तोच, तरी मिनिटामिनिटाला मागणी वाढत जाते. यातली बरीचशी वाढ पळणाऱ्या पायांतच होते. थकत चाललेले आणि नव्याने कामाला लागलेले स्नायुतंतू तेवढ्याच कामाला जास्त प्राणवायू खर्च करतात, असं अभ्यासक मानतात. वेग फारच असेल तर हा चढ कमाल मर्यादेला भिडतो, आणि मग काही मिनिटांत थांबावंच लागतं.

धापा टाकताना हवा कमी पडतेय असं वाटतं ना? निरोगी माणसाच्या रक्तात तेव्हाही प्राणवायू बहुधा भरपूर असतो. श्वास वाढतो तो मुख्यतः कार्बन डायऑक्साइड बाहेर काढण्यासाठी आणि त्यातून रक्तातलं आम्ल आटोक्यात ठेवण्यासाठी. खरी मर्यादा बहुतेकदा हृदयाची. विश्रांतीत ते मिनिटाला पाच लिटर रक्त ढकलतं, जोराच्या व्यायामात वीस लिटर किंवा त्याहून जास्त. ती क्षमता सरावाने वाढते, आणि सुरुवातीचा उशीरही कमी होतो.

म्हणून थोड्या थोड्या विश्रांतीने जोरात पळण्याचा सराव करतात. विश्रांती छोटी असली की वापर पूर्ण खाली येत नाही, आणि पुढची फेरी वरच्या पातळीवरूनच सुरू होते. पण छातीत दुखत असेल, हृदयाचा आजार असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. नमस्कार.