अर्जुनाचे बाण, शिखंडीचे नव्हेत

काशीचं स्वयंवर भर मंडपात मोडलं. भीष्मांनी तिघी बहिणींना रथात घातलं आणि हस्तिनापूरची वाट धरली. आडवा आला तो शाल्व. थोरल्या अंबेनं मनोमन वरलेला. भीष्मांनी त्याचा सारथी मारला, घोडे मारले, आणि त्याला जिवंत सोडलं. ते जिवंत सोडणंच त्याच्या जिव्हारी लागलं असावं.

पुढे भीष्मांनी अंबेला त्याच्याकडे जाऊ दिलं, तेव्हा शाल्व म्हणाला, तू तर आनंदानं गेली होतीस. ती म्हणाली, मी रडत होते, मला बळानं नेलं. तिचं रडणं मान्य करायचं, तर आपल्याला ते थांबवता आलं नाही हेही मान्य करावं लागलं असतं. शाल्वानं पाठ फिरवली.

नगराबाहेर अंबा एकेकाला बोल लावते. भीष्मांना, शौर्याचा पण लावणाऱ्या बापाला, शाल्वाला, दैवाला. आणि स्वतःलाही. लढाई जुंपली होती, तेव्हाच मी रथातून उडी का टाकली नाही? या प्रश्नापाशी दर वेळी गलबलून येतं.

ही कथा आपल्याला सांगतात कोण, तर खुद्द भीष्म. उद्योगपर्वात, युद्धाच्या तोंडावर, दुर्योधनाला. अंबाच माझ्या सूडासाठी पुन्हा जन्म घेऊन पांडवांकडचा शिखंडी होऊन आली आहे, मूळच्या त्या स्त्रीवर मी शस्त्र धरणार नाही, म्हणून. आणि त्याच्या थोडंच आधी, योद्ध्यांची मोजदाद करताना, त्यांनी कर्णाला भरसभेत 'अर्धरथी', म्हणजे अर्धाच योद्धा, म्हटलेलं असतं. कर्ण उसळतो. भीष्म जिवंत असेतो लढणार नाही म्हणतो, आणि कौरवांचा हा वीर दहा दिवस रणाबाहेर राहतो.

दहावा दिवस. पुढे शिखंडी, मागे अर्जुन. अंग चाळणी झालेलं असताना भीष्म दुःशासनाला हसत सांगतात: 'अर्जुनस्य इमे बाणा नेमे बाणाः शिखण्डिनः.' हे बाण अर्जुनाचे, शिखंडीचे नव्हेत. एवढ्या जन्मांची आग घेऊन जी आली, तिच्या हातून आपण पडलो हे त्यांना तेव्हाही कबूल नाही.

मग शरशय्या. कर्ण एकटा येतो, पायांशी वाकतो. मी राधेय, म्हणतो, नेहमी तुमच्या डोळ्यांत खुपणारा. भीष्म पहारेकऱ्यांना दूर करतात. एका हातानं त्याला जवळ ओढतात, बाप लेकाला ओढतो तसं. तुझं तेज आवरावं म्हणून कठोर बोललो, असं सांगतात.

शिखंडीसाठी असा हात त्यांनी पुढे केला नाही.