खिडकीसमोर उभे राहण्यापूर्वी

श्रोतेहो, नमस्कार.

२०२३-२४ या शैक्षणिक वर्षात अमेरिकेत शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांची संख्या ३ लाख ३१ हजारांच्या वर गेली आणि २००९ नंतर प्रथमच भारताने या बाबतीत चीनला मागे टाकले. शिक्षणासाठी तिकडे जायचे, तर भारतातल्या एखाद्या अमेरिकी दूतावासात काचेच्या खिडकीसमोर उभे राहून अधिकाऱ्याच्या प्रश्नांना उत्तरे द्यावी लागतात. महाराष्ट्र आणि गोव्यातील बहुतेक विद्यार्थी त्यासाठी मुंबईतील वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वाणिज्य दूतावासात जातात. ही मुलाखत बहुधा दोन-चार मिनिटांत संपते. पण त्या मिनिटांमागे वर्षभराची मेहनत, पालकांची जन्मभराची पुंजी आणि अनेकदा बँकेचे मोठे कर्ज उभे असते. म्हणून ‘एफ-१’ या विद्यार्थी व्हिसाच्या मुलाखतीची तयारी कशी करावी, याविषयी आज मी बोलणार आहे.

प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहू, कारण पुष्कळशी भीती कायदा ठाऊक नसल्यामुळे निर्माण होते. अमेरिकेच्या १९५२ च्या स्थलांतर कायद्यातील कलम २१४-बी असे सांगते की, तात्पुरत्या व्हिसासाठी आलेला अर्जदार कायमचे स्थायिक होण्याच्या हेतूने आला आहे असेच अधिकाऱ्याने धरून चालावे आणि तसा हेतू नाही हे अर्जदाराने पटवून द्यावे. थोडक्यात, पटवून देण्याची जबाबदारी तुमच्यावर असते. अधिकारी तुमच्याशी वैर धरून बसलेला नसतो. त्याला कायद्यानेच संशयाच्या बाजूला बसवले आहे. त्याला मुख्यतः तीन गोष्टी जाणून घ्यायच्या असतात: हा विद्यार्थी खरोखर शिकायला निघाला आहे का, त्याच्या शिक्षणाचा खर्च कोण आणि कसा करणार आहे, आणि शिक्षण संपल्यावर त्याचा विचार काय आहे.

या संदर्भात आपल्या इतिहासातली एक गोष्ट आठवते. १९१३ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले, ते महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर. दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी, आणि शिक्षण पुरे झाल्यावर दहा वर्षे बडोदा संस्थानाची नोकरी, असा तो करार होता. काय शिकणार, पैसा कोण देणार आणि परतून काय करणार, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे घर सोडण्यापूर्वीच कागदावर आलेली होती. आजच्या विद्यार्थ्याजवळ असा करार क्वचितच असतो, त्यामुळे ती उत्तरे त्याला स्वतःच घडवावी लागतात. आणि ती मुलाखतीच्या आदल्या आठवड्यात घडत नाहीत, विद्यापीठ आणि अभ्यासक्रम निवडताना घडतात.

पुष्कळ कुटुंबे ही गोष्ट शेवटपर्यंत लक्षात घेत नाहीत. सल्लागार संस्था विद्यार्थ्याच्या हातात पन्नास-साठ प्रश्नांचा संच ठेवतात, त्यांची तयार उत्तरे देतात आणि मुले ती तोंडपाठ करतात. दहावीला अपेक्षित प्रश्नसंचावर तरून जाण्याची आपली जुनी सवय येथेही कामाला येईल, असे आपल्याला वाटते. पण खिडकीपलीकडचा अधिकारी ‘जागतिक दर्जाचे प्राध्यापक आणि उत्तम सोयीसुविधा’ हे वाक्य सकाळपासून किती जणांकडून ऐकत आला असेल, याची कल्पना करा. पाठ केलेले उत्तर चुकीचे असते असे नाही. ते कोणाचेही असू शकते, ही त्याची खरी अडचण आहे.

एक कल्पित उदाहरण घेऊ. सांगलीचा एक स्थापत्य अभियंता जलविज्ञानात पदव्युत्तर शिक्षण घेण्यासाठी अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात निघाला आहे. ‘हेच विद्यापीठ का?’ असे विचारल्यावर तो जर जागतिक क्रमवारीतले स्थान सांगू लागला, तर ते उत्तर वाया गेले असे समजावे. पण ‘ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेच्या पुराने सांगली शहर पाण्याखाली गेलेले मी पाहिले. २००८ मध्ये आयोवा शहरात आणि खुद्द विद्यापीठाच्या आवारात असाच महापूर आला होता आणि त्यानंतर २००९ मध्ये तेथे पूर-संशोधनाचे स्वतंत्र केंद्र स्थापन झाले. पुराचा अंदाज बांधण्याचे तंत्र मला तेथे शिकायचे आहे’, असे त्याने सांगितले, तर अधिकाऱ्याला त्याच्यापुरते उत्तर मिळते. त्याच उत्तरात ‘परत येऊन काय करणार’ याचेही निम्मे उत्तर आपोआप येते. प्रत्येकाच्या वाट्याला इतका सरळ धागा येत नाही, हे मला मान्य आहे. संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्याला तो शोधावाच लागतो. परंतु आपल्या अभ्यासक्रमातील चार विषयांची नावे, आपण त्यांपैकी कोणते घेणार आणि पदवीच्या काळात केलेल्या कोणत्या प्रकल्पाशी त्यांचा संबंध आहे, एवढे तरी त्याला सांगता यायला हवे. ते सांगता येत नसेल, तर दोष मुलाखतीच्या तयारीत नाही, विद्यापीठाच्या निवडीत आहे.

विद्यापीठाविषयी आणखी एक सावधगिरीची सूचना. मिशिगन राज्यातील ‘फार्मिंग्टन विद्यापीठ’ नावाची संस्था प्रत्यक्षात अमेरिकी सरकारच्या तपास यंत्रणेनेच उभारलेला सापळा होती. २०१९ च्या आरंभी हे उघडकीस आले, तेव्हा तेथे नाव नोंदवलेल्या शंभराहून अधिक भारतीय विद्यार्थ्यांना ताब्यात घेण्यात आले. ज्या संस्थेत वर्गच भरत नाहीत आणि जी केवळ नोकरीच्या परवान्याचे आमिष दाखवते, तिच्यापासून दूर राहावे. अशी शंका आल्यास मुंबईत ‘युसेफ’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या भारत-अमेरिका शैक्षणिक प्रतिष्ठानाकडे चौकशी करता येते. ही संस्था १९५० पासून कार्यरत आहे आणि विद्यापीठांविषयीचा प्राथमिक सल्ला तिच्याकडे विनामूल्य मिळतो.

आता पैशाकडे वळतो, आणि येथे पालकांनी विशेष लक्ष द्यावे अशी माझी विनंती आहे. मराठी मध्यमवर्गीय घरात पैशाच्या गोष्टी मुलांसमोर बोलण्याची पद्धत नाही. त्यामुळे बावीस-तेवीस वर्षांच्या मुलाला वडिलांचे वार्षिक उत्पन्न ठाऊक नसते, आईच्या नावावर किती ठेवी आहेत हे ठाऊक नसते आणि घर तारण ठेवून काढलेल्या कर्जाचा हप्ता किती येणार, याचा तर अंदाजही नसतो. मुलाखतीच्या खिडकीशी पालकांना सोबत जाता येत नाही. ‘तुमचे वडील काय करतात? त्यांचे उत्पन्न किती?’ या साध्या प्रश्नावर मुलगी अडखळली, की कागदपत्रांची जाडजूड फाईल जवळ असूनही तिचा उपयोग होत नाही. पुष्कळदा अधिकारी ती फाईल उघडायलाही सांगत नाही. म्हणून मुलाखतीच्या पुरेसे आधी घरातल्या सर्वांनी एकत्र बसून हिशेब मांडावा.

विद्यापीठ प्रवेश देताना जो ‘आय-२०’ नावाचा दस्तऐवज पाठवते, त्यावर शिक्षणशुल्क आणि राहण्याचा खर्च यांचा अंदाज छापलेला असतो. समजा तो वर्षाला ५० हजार डॉलर आहे आणि डॉलरचा भाव ९० रुपये धरला, तर एका वर्षाचे ४५ लाख रुपये होतात. हे ४५ लाख कोठून येणार, हे विद्यार्थ्याला तीन-चार वाक्यांत सांगता यावे: इतके कर्ज अमुक बँकेने मंजूर केले आहे, इतकी बचत आहे, इतकी शिष्यवृत्ती आहे. राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती किंवा १८९२ पासून चालू असलेली जे. एन. टाटा न्यासाची कर्ज-शिष्यवृत्ती मिळाली असेल, तर तिचा उल्लेख आवर्जून करावा. सनदी लेखापालाने दिलेल्या मालमत्तेच्या दाखल्यात गावची शेतजमीन आणि राहते घर धरून मोठा आकडा दिसतो. पण शेत विकून सप्टेंबरचे शुल्क भरले जाणार नाही, हे अधिकाऱ्यालाही कळते. हाताशी असलेला पैसा आणि जमीनजुमला या दोहोंचा हिशेब म्हणून वेगळाच ठेवावा. नातेवाइकांकडून चार दिवसांसाठी पैसे आणून खात्यात ‘बॅलन्स’ दाखवण्याची युक्ती तर करूच नये. ती मुळातच खोटेपणाची आहे, आणि ‘ही रक्कम अचानक कोठून आली?’ असा प्रश्न आला तर तिचे उत्तर नसते. शिकता शिकता नोकरी करून खर्च भागवीन, हेही उत्तर चालत नाही, कारण सत्र चालू असताना विद्यापीठाच्या आवारात आठवड्याला २० तासच काम करण्याची मुभा असते आणि तेवढ्यावर शिक्षणशुल्क भरले जात नाही.

शिक्षणानंतरचा प्रश्न सर्वांत नाजूक. पदवीनंतर वर्षभर प्रत्यक्ष कामाचा अनुभव घेण्याची, आणि विज्ञान-तंत्रज्ञानाच्या शाखांत आणखी २४ महिन्यांची सवलत नियमांतच आहे. ती ठाऊक असल्याचे लपवण्याचे कारण नाही. मात्र तीच सवलत शिक्षणाचा हेतू असल्यासारखे बोलणे येऊ लागले, की कलम २१४-बी आठवावे. ‘मायदेशाची सेवा करीन’ अशा भाषणबाजीपेक्षा पुण्याच्या किंवा नाशिकच्या उद्योगात आपल्या विषयाची कोणती कामे आहेत, हे ठाऊक असलेला विद्यार्थी अधिक विश्वासार्ह वाटतो.

एटीकेटी, पदवीनंतरची रिकामी वर्षे आणि आधी नाकारलेला व्हिसा या गोष्टी सांगाव्यात की नाही, असे मला अनेक जण विचारतात. ‘दुसऱ्या सत्रात दोन विषय राहिले होते, ते पुढच्या परीक्षेत सुटले.’ ‘दोन वर्षे स्पर्धा परीक्षेची तयारी केली, यश आले नाही, त्यानंतर एका वर्षाची नोकरी केली.’ इतके सरळ सांगावे आणि थांबावे. व्हिसासाठी भरायच्या डीएस-१६० या अर्जात पूर्वीच्या नकाराविषयी थेट प्रश्न असतो आणि मागील पाच वर्षांत वापरलेल्या समाजमाध्यमांवरील खात्यांची नावेही द्यावी लागतात. जून २०२५ पासून विद्यार्थ्यांनी ही खाती सर्वांना दिसतील अशी ठेवावीत, अशी अमेरिकी परराष्ट्र खात्याची सूचना आहे. अर्ज एजंटाने भरला असला, तरी त्यातील प्रत्येक शब्दाचे उत्तरदायित्व तुमच्याकडे असते, कारण मुलाखतीच्या वेळी तोच अर्ज अधिकाऱ्याच्या पडद्यावर असतो. कमी गुणांमुळे किंवा अपुऱ्या उत्तरामुळे आलेला नकार पुढे दुरुस्त करता येतो. जाणूनबुजून दिलेल्या खोट्या माहितीमुळे मात्र अमेरिकेचे दार कायमचे बंद होऊ शकते.

मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यांना इंग्रजीची धास्ती असते. त्यांनी मोठमोठे शब्द जमवण्याच्या नादी लागू नये. छोटी, साधी, व्याकरणशुद्ध वाक्ये पुरेशी असतात, आणि प्रश्न समजला नाही तर तो पुन्हा विचारण्याची विनंती करण्यात कमीपणा नाही. सराव आरशासमोर करण्यापेक्षा एखाद्या अनोळखी माणसासमोर करावा: शेजारचे निवृत्त बँक अधिकारी, आईच्या कार्यालयातील एखाद्या वरिष्ठ बाई, असे कोणीही, ज्यांना तुमच्या विषयातले काही कळत नाही. त्यांना दोन मिनिटांत तुमचा बेत समजला, तर तो अधिकाऱ्यालाही समजेल.

प्रत्यक्ष दिवसाचे फारसे सांगण्यासारखे नाही. पासपोर्ट, अर्जाची पावती, स्वाक्षरी केलेला आय-२०, सेव्हिस या परदेशी विद्यार्थ्यांच्या नोंदणी यंत्रणेच्या शुल्काची पावती, गुणपत्रिका आणि आर्थिक कागदपत्रे क्रमाने लावलेली असावीत. मोबाइल आत नेता येत नाही. कपडे नीटनेटके असले की झाले. नवा सूट शिवण्याचे कारण नाही.

व्हिसा नाकारला गेला, तर त्या निर्णयावर अपील करता येत नाही. शुल्क नव्याने भरून पुन्हा अर्ज करता येतो. मात्र तोच अर्ज, तीच उत्तरे घेऊन पुढच्या आठवड्यात परत उभे राहणे म्हणजे पैसे वाया घालवणे. आधी परिस्थितीत काय बदलले ते पाहावे: कर्ज आता मंजूर झाले का, अर्जातली चूक दुरुस्त केली का, अभ्यासक्रमाविषयीचे उत्तर अधिक स्पष्ट झाले का. आय-२० वरील सत्रारंभाची तारीख जवळ येत असेल, तर विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला लगेच पत्र लिहून उशिरात उशिरा केव्हा हजर होता येईल ते विचारावे, आणि तेवढ्या अवधीत मुलाखतीची नवी तारीख मिळणार नसेल, तर प्रवेश पुढच्या सत्रापर्यंत लांबवून नवा आय-२० मागवून घ्यावा. अनेक विद्यापीठे ही विनंती मान्य करतात. फक्त ती सत्र सुरू होण्याआधी त्यांच्याकडे पोहोचायला हवी.

नमस्कार.